घडीचा एफएफपी२ मास्क: वस्तू एकच, पण अनुभव देशागणिक वेगळा

आधी वस्तूबद्दल सांगते. मधोमध उभी घडी असलेला, कानामागे इलॅस्टिकवाला, एकेका पाकिटात येणारा पांढरा एफएफपी२ मास्क. कापडी वापरून झाले, सर्जिकल वापरून झाले, २०२१ पासून मात्र मी जवळजवळ हाच वापरला, ऑफिसात, विमानात, ट्रेनमध्ये, हॉस्पिटलात, आणि कामासाठी परदेशात जावं लागलं तिथेही.

फिटिंग उत्तम. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची, एका चिमटीत दाबली तर मधे टोक येतं आणि बाजूने फट राहते. चष्मा असेल तर चाचणी सोपी आहे, काचेवर वाफ आली म्हणजे वरून हवा गळतेय. दाढीवाल्यांना कडा नीट बसत नाहीत, हे माझ्या भावाकडे बघून सांगतेय. चार-पाच तासांनी कानामागे दुखतं, त्यावर दोन्ही इलॅस्टिक डोक्यामागे अडकवायचा छोटा हुक मिळतो तो जरूर घ्या. घडीमुळे कापड तोंडापासून थोडं लांब राहतं, बोलताना ओठांना चिकटत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली.

एफएफपी२ हे युरोपचं स्टँडर्ड आहे, कमीत कमी ९४ टक्के बारीक कण अडवले पाहिजेत असं. मधल्या थराला वीजभार दिलेला असतो, त्याला कण चिकटतात, म्हणून हा मास्क धुवायचा नाही, धुतला की तो भार जातो आणि मग नुसतं कापड उरतं. मास्कवर सीई (CE) ही युरोपातली मान्यतेची खूण आणि त्यापुढे चार आकडी नंबर आहे का बघून घ्या. वाल्ववाला घेऊ नका, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर पडतो, म्हणजे शेजारच्याला काहीच उपयोग नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी कोपनहेगनहून हँबुर्गला ट्रेनने गेले. डेन्मार्कने त्याच वर्षी १ फेब्रुवारीला कोविडचे जवळपास सगळे नियम काढून टाकले होते, त्यामुळे अख्ख्या डब्यात मास्क घातलेली मी एकटी, आणि समोरच्या बाई दोनदा माझ्याकडे बघून किंचित मागे सरकल्या, म्हणजे मलाच काहीतरी झालंय असं त्यांना वाटलं असावं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की काढून ठेवावा की काय असा विचार येत होता. मग पाडबोर्ग हे डेन्मार्कच्या सीमेवरचं स्टेशन गेलं, सीमा ओलांडली, अनाउन्समेंट झाली, कारण जर्मनीत लांब पल्ल्याच्या ट्रेनमध्ये तेव्हा एफएफपी२ सक्तीचा होता, आणि दोन मिनिटांत डब्यातल्या बहुतेकांनी खिशातून, पर्समधून मास्क काढून लावले, त्या बाईंनीसुद्धा. तीच माणसं, त्याच सीट, डब्यातली हवापण तीच. आता ज्याने लावला नव्हता तो मुलगा खाली मान घालून बसला होता. घटकाभरापूर्वीचं माझं अवघडलेपण त्याच्याकडे गेलं होतं आणि मला त्याची खरंच दया आली.

तेव्हापासून मी फिरताना हेच बघायला लागले, की नियम काय आहे यापेक्षा कोण कोणाकडे कसं बघतंय.

एप्रिल २०२३ मध्ये टोकियोला होते. जपानमध्ये सामान्य लोकांना मास्कसाठी दंड असा कधी नव्हताच, सरकारची विनंती होती तेवढीच, आणि १३ मार्च २०२३ पासून तर तुमचं तुम्ही ठरवा असं सरकारनेच सांगितलं होतं. तरी मेट्रोत बघावं तिकडे मास्क. तिथे सर्दी झाली की, किंवा वसंतात झाडांचे परागकण उडायला लागले की मास्क लावायची सवय आधीपासूनची, त्यात तीन वर्षं सतत लावून चेहऱ्याचा खालचा भाग उघडा टाकायचीच लोकांना लाज वाटायला लागली होती. ‘काओ पान्त्सु’ असा शब्दच निघाला होता, म्हणजे चेहऱ्याची चड्डी! ऐकायला विचित्र वाटेल, पण सवय किती अंगात मुरते हे त्या एका शब्दात कळतं. मी एकदा मेट्रोच्या जिन्यावर पाणी प्यायला मास्क खाली केला आणि माझी मीच भिंतीकडे वळले, कोणी काही बोललेलं नसताना. त्याच मास्कने डेन्मार्कमध्ये मी आजारी दिसत होते आणि इथे चारचौघांसारखी.

फ्रान्सचं आणखी वेगळं. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकायला बंदी करणारा कायदा त्यांनी २०१० मध्ये केला, आणि मे २०२० मध्ये त्याच देशात बस-मेट्रोत मास्क सक्तीचा झाला. हाँगकाँगमध्ये तर ऑक्टोबर २०१९ मध्ये आंदोलनांमुळे मास्कबंदी आणली आणि २०२० च्या जुलैत बसमध्ये तोच मास्क नसेल तर दंड. नऊ महिन्यांत चेहरा झाकणं हा गुन्हा होता तो चेहरा उघडा ठेवणं हा गुन्हा झाला. स्वीडनने २०२१ च्या जानेवारीपर्यंत सामान्य लोकांना मास्क सुचवलाच नव्हता, मग सुचवला तोही गर्दीच्या वेळच्या प्रवासापुरता. हे सगळे आपापल्या परीने शहाणेच लोक आहेत, म्हणून कोणाला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही सगळ्यांसाठीचा सल्ला ५ जून २०२० ला बदलला, तोवर जो तो आपल्या आसपास बघूनच ठरवत होता.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती तैवानची गोष्ट. तिथे २०२० च्या फेब्रुवारीपासून आरोग्य विम्याचं कार्ड दाखवून मोजून मास्क मिळत, रंग निवडता यायचा नाही. काही मुलांच्या वाट्याला गुलाबी आले, शाळेत चिडवतील म्हणून ती घालायला तयार नव्हती. तर १३ एप्रिलच्या पत्रकार परिषदेला आरोग्यमंत्री छन श्र-चुंग आणि बाकीचे अधिकारी, सगळे पुरुष, गुलाबी मास्क लावून येऊन बसले. दंड नाही, भाषण नाही. घालायची लाज अशी काढतात. मला वाटतं महामारीत सरकारांनी छापलेल्या सगळ्या पोस्टरांपेक्षा त्या एका फोटोने जास्त काम केलं असेल.

म्हणून ज्यांना आजही कुठे बाहेर जाताना मास्क लावायचा आहे, घरात केमो चालू असलेलं माणूस आहे किंवा स्वतःलाच खोकला आहे, त्यांना एवढंच सांगते की पहिली पाच मिनिटं जड जातात. नजरा लागतात. मग कोणी बघत नाही. सोबत एक जास्तीचा ठेवा, बहुतेक वेळा शेजारी हळूच विचारतो, ‘एक मिळेल का?’

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार कापलाय तो माझ्या मावशीमुळे. तिला कमी ऐकू येतं, ती ओठ बघून समजून घेते, आणि त्या दोन-तीन वर्षांत बँकेत, दवाखान्यात, लिफ्टमध्ये सगळीकडे तिच्यासाठी लोक नुसते डोळे झाले होते. समोरचा मोठ्याने बोलायचा, त्याने काही फरक पडत नव्हता, फक्त तो रागावलाय असं तिला वाटायचं. शेवटी तिने एकटीने बाहेर पडणंच सोडलं होतं. मी तिच्यासाठी, म्हणजे तिच्याशी बोलताना मी घालायला, पारदर्शक खिडकीचा मास्क आणून पाहिला, पण आतून वाफ धरते आणि थोड्याच वेळात ओठ दिसेनासे होतात, शिवाय कडेने फट राहते ती वेगळी. एफएफपी२ दर्जाचा आणि वाफ न धरणारा असा कोणी वापरला असेल तर मला जरूर सांगा, दोन बॉक्स घेऊन ठेवीन.