‘कॉलेज फुटबॉल २५’ : जर्सीवरच्या नावाला मिळालेला मोबदला

‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ हा व्हिडिओ गेम १९ जुलै २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी बाजारात आला आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन ‘अमेरिकन फुटबॉल’च्या चाहत्यांची अकरा वर्षांची प्रतीक्षा संपली. या गेमचे परीक्षण करताना मैदानावरच्या खेळाआधी खेळाडूंच्या यादीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मालिका इतकी वर्षे बंद पडली ती या यादीमुळेच आणि नव्या आवृत्तीतली सर्वांत मोठी सुधारणाही तिथेच आहे.

जुन्या आवृत्त्यांमध्ये खेळाडूंना नावे नसत. पडद्यावर ‘क्यूबी क्रमांक ९’ एवढेच दिसे (क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक, चाल सुरू करून चेंडू फेकणारा खेळाडू). ॲरिझोना स्टेट आणि नंतर नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळलेला क्वार्टरबॅक सॅम केलर याने २००९ मध्ये गेम बनवणारी कंपनी ईए आणि महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी संस्था एनसीएए यांच्यावर खटला भरला, तेव्हा या ‘निनावी’ खेळाडूंचे खरे स्वरूप न्यायालयासमोर आले. २००५ च्या आवृत्तीतील ॲरिझोना स्टेटच्या क्वार्टरबॅकचा जर्सी क्रमांक, उंची, वजन, त्वचेचा रंग, केसांची ठेवण, कोणत्या हाताने चेंडू फेकतो, मूळचा कोणत्या राज्यातला, इतकेच नव्हे तर हेल्मेटवरील व्हायझरची आवडसुद्धा केलरशी तंतोतंत जुळत होती. कंपनी विद्यापीठांच्या संघांचे क्रीडासाहित्य सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांकडे सविस्तर प्रश्नावल्या पाठवून ही माहिती गोळा करत असे, याची नोंद निकालपत्रात आहे. म्हणजे खेळाडू कोण आहे हे सर्वांना ठाऊक होते, फक्त त्याला मोबदला द्यावा लागू नये म्हणून त्याचे नाव गाळले जात होते.

त्याच वर्षी यूसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यानेही एनसीएएविरुद्ध दावा दाखल केला. आपल्याच क्रमांकाची जर्सी घातलेला, आपल्यासारखाच डावखुरा खेळाडू त्याने एका गेममध्ये पाहिला होता. आपला गेम ही स्वतंत्र कलाकृती असून तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, हा ईएचा युक्तिवाद २०१३ मध्ये दोन वेगवेगळ्या संघीय अपील न्यायालयांनी फेटाळला. खेळाडूला हुबेहूब त्याच मैदानावर, तोच खेळ खेळताना दाखवण्यात नवनिर्मिती ती कोणती, असा त्या निकालांचा आशय होता आणि तो मला पूर्णपणे पटतो. पुढे तडजोडीत ईए व परवाना देणाऱ्या सीएलसी या संस्थेने ४ कोटी, तर एनसीएएने २ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, परंतु तोपर्यंत मालिका बंद झाली होती. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा यांवर कमाई करण्याची मुभा मिळाली, तेव्हा पुनरागमनाचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

आता हा गेम उघडल्यावर १३४ संघांतील ११ हजारांहून अधिक खेळाडू त्यांच्या खऱ्या नावांनिशी भेटतात. प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारण्यात आले आणि होकार देणाऱ्याला ६०० डॉलर व गेमची एक प्रत मिळाली. ज्याने नकार दिला त्याच्या जागी काल्पनिक खेळाडू येतो. होकार देणाऱ्या खेळाडूचे नाव किंवा चेहरा आपल्याला बदलता येत नाही. अनेक जुन्या चाहत्यांना ही बंधने जाचक वाटतात, कारण पूर्वी चाहत्यांनी नावे भरून तयार केलेल्या याद्या उतरवून घेता येत असत. मला मात्र ही अडचण रास्त वाटते. संमती घ्यायची असेल, तर ती न देणाऱ्याचा शब्दही पाळला गेला पाहिजे. संघांचे प्रशिक्षक मात्र या आवृत्तीत खऱ्या नावांनी नाहीत आणि त्यांची उणीव जाणवते.

खेळ म्हणून गेम उत्तम जमला आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे काइल फील्ड हे पाहुण्या संघासाठी सर्वांत अवघड मैदान ठरवले आहे आणि तिथे तिसऱ्या डाउनला (चेंडू पुढे नेण्याच्या चार संधींपैकी तिसरीला) प्रेक्षकांचा गजर वाढला की पडदा थरथरू लागतो, चालींच्या रेषा वेड्यावाकड्या होतात आणि नवख्या क्वार्टरबॅकला काय करावे ते सुचत नाही. प्रशिक्षक बनून अनेक हंगाम संघ चालवण्याच्या ‘डायनॅस्टी’ प्रकारात विद्यार्थी भरती करणे, ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) खेळाडू आणणे आणि आपले खेळाडू टिकवणे यांत तासन्‌तास निघून जातात. मेनू संथ आहेत आणि संगणकासाठी आवृत्तीच काढलेली नाही, ही गैरसोय मोठी आहे.

माझा खरा आक्षेप मोबदल्याच्या रचनेवर आहे. ६०० डॉलर ही रक्कम सरसकट सर्वांसाठी होती आणि विक्री कितीही झाली तरी तीत खेळाडूचा वाटा वाढणार नव्हता. विद्यापीठांच्या बाबतीत मात्र गेल्या दशकातील राष्ट्रीय क्रमवारीतील कामगिरी पाहून पायऱ्या ठरवण्यात आल्या आणि प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार सर्वांत वरच्या पायरीला सुमारे १ लाख डॉलर मिळायचे होते. संघाच्या कीर्तीला भाव मिळतो, पण ती कीर्ती मिळवणाऱ्यांपैकी तारांकित खेळाडू आणि राखीव खेळाडू यांना एकच भाव मिळतो, हे मला न्याय्य वाटत नाही. व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना त्यांच्या वतीने वाटाघाटी करते. महाविद्यालयीन खेळाडूंची तशी मान्यताप्राप्त संघटना नसल्याने आलेला प्रस्ताव स्वीकारायचा किंवा नाकारायचा, एवढाच पर्याय त्यांच्यापुढे उरतो. टेक्सास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक आणि प्रसिद्ध फुटबॉल घराण्यातला आर्च मॅनिंग याने सुरुवातीला नकार दिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो सामील झाला. इतके वलय पाठीशी असल्याशिवाय नकाराला वजन येत नाही. मोबदल्यावर कंपनीने फेरविचार करणे शक्य आहे, हे पुढच्याच वर्षी दिसले, कारण ‘कॉलेज फुटबॉल २६’ साठी प्रत्येकी १,५०० डॉलर देऊ केल्याचे वृत्त आले आणि त्या आवृत्तीत खरे प्रशिक्षकही आले.

ज्यांची मुले अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठात शिकत आहेत आणि शनिवारचे सामने आवडीने पाहतात, त्या मराठी कुटुंबांनी हा गेम निःसंकोच घ्यावा. फुटबॉलचे नियम ठाऊक नसतील, तर आधी सोप्या पातळीवर ‘रोड टू ग्लोरी’ हा एकट्या खेळाडूची कारकीर्द घडवण्याचा प्रकार खेळावा आणि त्यानंतरच डायनॅस्टीकडे वळावे. दोन्ही आवृत्त्यांतून एकच घ्यायची असेल, तर ‘कॉलेज फुटबॉल २६’ ही घ्यावी. तीत खेळाडूंच्या हाती थोडे अधिक पैसे पडले आहेत आणि माझ्या दृष्टीने ती निवडण्याचे तेवढे कारण पुरेसे आहे.