टीवायनंतर थांबायचं की चौथं वर्ष करायचं? ३+२ आणि ४+१ शेजारी शेजारी ठेवून

पाचवी सेम सुरू झाली की प्रत्येक डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, सर चौथं वर्ष करू की नको. आपल्याकडे महाराष्ट्रात चौथ्या वर्षाचा पर्याय देणारं नवीन शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आलं आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला, म्हणजे संलग्न कॉलेजांत तेव्हा एफवायला बसलेल्यांची तीन वर्षं २०२७ ला, आणि सीनियरला विचारावं तर त्यांच्या वेळी हा पर्यायच नव्हता. मग जो तो ऐकीव सांगतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं म्हणजे "चौथं केलं की एक वर्ष वाचतं". कुठे वाचतं? तीन वर्षांची डिग्री आणि दोन वर्षांचं एमए-एमएससी झाले पाच, चार वर्षांचं ऑनर्स आणि एक वर्षाचं मास्टर्स तेही पाचच. वर्ष वाचतं ते फक्त मास्टर्सच करायचं नसेल तर, म्हणजे ऑनर्सनंतर थेट पीएचडीला जायचं असेल तर. क्रेडिटचं गणित पण सरळ आहे, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० आणि चार वर्षांना किमान १६०, आपल्या राज्यात थोडी वर जातात इतकंच.

माझ्या मते खरा फरक वेगळाच आहे. चौथं वर्ष तुम्ही कुठे बसून काढणार? ४+१ मध्ये ते तुमच्या आत्ताच्याच कॉलेजात जातं, त्याच वर्गात, त्याच लायब्ररीत, त्याच सरांकडे. ३+२ मध्ये तेच वर्ष तुम्ही विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला किंवा दुसऱ्या मोठ्या कॉलेजात काढू शकता आणि तिथे सलग दोन वर्षं मिळतात, एक वर्षाच्या मास्टर्सला काय होतं की ओळखीपाळखी होईपर्यंत परीक्षा येते. ज्यांचं कॉलेज दणकट आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या, पण तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजात असाल तर इथेच थांबून विचार करा.

कारण चौथ्या वर्षाचेही दोन प्रकार आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एक साधं ऑनर्स, त्यात मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे पेपर वाढतात. दुसरं ऑनर्स विथ रिसर्च, त्यात १२ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो आणि त्यासाठी पहिल्या सहा सेमला ७५ टक्के लागतात. आणि हे दुसरं कॉलेजला मनात आलं म्हणून सुरू करता येत नाही, यूजीसी म्हणते की त्या विभागात पीएचडी गाइड असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक पाहिजेत, शिवाय लायब्ररी, जर्नल्स, लॅब हे सगळं. आता तुम्हीच तुमचं डिपार्टमेंट डोळ्यासमोर आणा. एक परमनंट सर, ते पण नॅक (कॉलेजचं मूल्यांकन), परीक्षा विभाग आणि एनएसएस मिळून तीन टोप्या घालून फिरतायत, बाकी दोन-तीन जण सीएचबीवर, तासावर पैसे, तास झाला की दुसऱ्या कॉलेजला पळणार, बिचाऱ्यांचा दोष नाही त्यात, पण तुमच्या प्रोजेक्टचा चॅप्टर दोन वेळा वाचून लाल पेनने खुणा करून द्यायला बसणार कोण? त्यामुळे माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि ऑफिसात जाऊन दोनच गोष्टी विचारा, आपल्या विषयात गाइड कोण कोण आहेत आणि चौथ्या वर्षाला विद्यापीठाची मान्यता आली का. उत्तर "येईल" असं असेल तर ते "नाही" समजून चाला.

दिल्ली विद्यापीठाचं उदाहरण बोलकं आहे, त्यांनी चार वर्षांची डिग्री २०१३ ला आणली, २०१४ ला गुंडाळली आणि २०२२ ला धोरणाखाली पुन्हा सुरू केली. म्हणजे कागदावर सोपी दिसणारी गोष्ट एवढ्या मोठ्या विद्यापीठालाही पहिल्या फटक्यात जमली नाही.

आता सोयीसुविधांचं बघू, कारण घरी निर्णय होतो तो बहुतेक वेळा यावरच. चौथं वर्ष त्याच कॉलेजात म्हणजे होस्टेलची खोली, एसटीचा पास, ओळखीचा क्लार्क सगळं तेच राहतं, एलसी-मायग्रेशनची धावपळ नाही, नवीन विद्यापीठाचा पात्रता फॉर्म नाही. मुलींच्या बाबतीत तर हा मुद्दा फार मोठा ठरतो, "याच कॉलेजात अजून एक वर्ष शीक" याला घरचे हो म्हणतात आणि पुण्याला पाठवायचं म्हटलं की लग्नाचा विषय निघतो. अशा घरात चौथं वर्ष म्हणजे हातात आलेलं एक वर्ष आहे, त्याला नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. उलट ३+२ मध्ये महाडीबीटीवर (सरकारी स्कॉलरशिपचं पोर्टल) नव्या कोर्ससाठी नवा अर्ज, होस्टेलला नव्याने नंबर लागणं, शहरातलं भाडं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी होस्टेल नाही मिळालं तर स्वाधार योजना आहे, तिचा अर्ज वेळेत टाका. चौथ्या वर्षाची स्कॉलरशिप आपोआप पुढे चालू राहील असं मात्र धरून चालू नका, स्कॉलरशिप बघणाऱ्या मॅडमना तोंडी विचारा आणि जमलं तर लेखी घ्या. प्लेसमेंट सेलबद्दल काय लिहू, ज्या कॉलेजात तीन वर्षांत एक कंपनी आली नाही तिथे चौथ्या वर्षी रांग लागणार नाही. आणि फी, मार्कशीट, होस्टेल याचा घोळ झालाच तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमानुसार कॉलेजात तक्रार निवारण समिती असायलाच हवी आणि वर विद्यापीठाचा लोकपाल, हे दोन्ही पर्यायांना सारखंच लागू.

पुढच्या वाटांवरून बघितलं तर निम्म्या लोकांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. एमपीएससी, यूपीएससी, बँक, एमबीए, तीन वर्षांचं एलएलबी, दोन वर्षांचं बीएड, या सगळ्याला तीन वर्षांची डिग्री पुरते, तिथे चौथ्या वर्षाचे जादा मार्क कोणी देत नाही. एमपीएससी करायची म्हणून "सोबत असू दे" म्हणत चौथ्या वर्षाला नाव घालणारे बरेच भेटतात, त्यापेक्षा सरळ अभ्यास करा की. परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं मास्टर्ससाठी चार वर्षांची डिग्री मागतात, तिथे ऑनर्सचा उपयोग होतो, ब्रिटनला तीन वर्षांची साधारणपणे चालते.

प्राध्यापक व्हायचंय त्यांनी नीट वाचा. चार वर्षांच्या डिग्रीवर ७५ टक्के असतील तर नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा) देता येते, पण ती पीएचडीच्या वाटेसाठी, तेवढ्यावर सहायक प्राध्यापक होता येत नाही. त्याला मास्टर्सचे ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (तशीच राज्याची परीक्षा) हा रस्ता आहेच, आणि सेटला तर मास्टर्स झालेलं किंवा त्याच्या शेवटच्या वर्षाला असावंच लागतं. म्हणजे शिकवायचंच असेल तर मास्टर्स टळत नाही, मग ३+२ काय आणि ४+१ काय, जिथे शिकवणारी माणसं चांगली तिथे जा.

एक सोय ३+२ वाल्यांना आहे जी फार कोणी सांगत नाही, दोन वर्षांच्या मास्टर्समधून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडावं लागलं तर पीजी डिप्लोमा हातात येतो. ४+१ मध्ये तो एक वर्षाचा कोर्स पुरा तरी करायचा नाहीतर ऑनर्सवर थांबायचं. शिवाय एक वर्षाचं मास्टर्स तुमच्या विषयात कुठे कुठे आहे आणि जागा किती, हे चौथ्याला नाव घालायच्या आधी बघा, नंतर नाही.

आणि ज्यांना मार्कांत सूट नाही आणि मार्क ७० ते ७५ च्या मध्ये घुटमळतायत त्यांनी तर चौथ्या वर्षाच्या भरवशावर पीएचडीचं स्वप्न बांधू नये. थेट पीएचडीला चार वर्षांच्या डिग्रीत ७५ लागतात, राखीव प्रवर्गाला ५ ची सूट, तर मास्टर्स करून गेलं की ५५ पुरतात. इतका फरक असताना ७१ टक्क्यांवर चौथ्या वर्षाला बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा सहाव्या सेमलाच पीजीच्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरून ठेवलेले बरे, विषय बदलायचा असला तरी प्रवेश परीक्षा पास होऊन ती सोय पण तिथेच आहे.