२.४ मिमी म्हणून विकलेली २ मिमीची दोरी

ग्रास कटरची दोरी, म्हणजे पात्याऐवजी गरगर फिरून गवत कापणारी प्लास्टिकची दोरी, घेताना होणारी फसवणूक पटकन लक्षात येत नाही. दोरी सारखी तुटली की आपण यंत्राला दोष देतो, गवत जून झालंय म्हणतो, आणि विकणारा नामानिराळा राहतो. म्हणून हे लिहितेय.

माझ्या पेट्रोलवरच्या यंत्राला २.४ मिमीची दोरी लागते, तसं सोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. ऑनलाइन मागवलेल्या रिळावर ठळक अक्षरांत छापलं होतं: २.४ मिमी, गोल, १०० मीटर, शुद्ध नायलॉन. पण कुंपण नाही, दगड नाही, नुसत्या गवतातच ती तुटायला लागली. हेड, म्हणजे दोरी गुंडाळलेला फिरता डबा, जमिनीवर टेकवलं की दोरी पुढे सरकायला हवी, तीही सरकेना. हेड उघडलं तर आतले वेढे एकमेकांत वितळून चिकटलेले. सुरीची टोकं घालून सोडवावे लागले.

विक्रेत्याला कळवलं. त्याचं पहिलं उत्तर, "तुम्ही उलटी गुंडाळली असेल." हेडवरच्या बाणाच्या दिशेनेच गुंडाळली होती, फोटोही पाठवला. मग म्हणाला, "दोरी सुकली असेल, पाण्यात भिजत ठेवा." आता हा सल्ला खोटा नाही. नायलॉन ओलावा शोषून घेतं, फार कोरडं पडलं की ठिसूळ होतं, आणि दिवसभर पाण्यात ठेवलं तर त्याचा चिवटपणा बऱ्यापैकी परत येतो. खऱ्या गोष्टीच्या आड लपायला असे लोक पटाईत असतात.

मी एक तुकडा भिजत घातला, तर तो तरंगायला लागला! बोटाने तळाशी नेला, चिकटलेले बुडबुडे पुसून काढले, तरी सोडला की वर. नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, एका घन सेंटिमीटरला सुमारे १.१४ ग्रॅम, त्यामुळे ते बुडायलाच हवं. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन. वेढे का चिकटले तेही इथेच कळलं. दोरीसाठी वापरलं जाणारं नायलॉन साधारण २०० अंशांच्या वर वितळतं. पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास, पॉलिएथिलीन तर त्याच्याही आधी. घर्षणाने तापलेल्या हेडमध्ये स्वस्त प्लास्टिक टिकेल कसं?

मग जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. जाडी भरली २ मिमी. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण दोरीतला माल जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तीस टक्के माल गायब. व्हर्नियर नसेल तर वजनकाटा पुरतो. २.४ मिमीची १०० मीटर गोल नायलॉन दोरी रिळाशिवाय अर्धा किलोच्या किंचित वर भरली पाहिजे. माझी जेमतेम त्याच्या निम्मी भरली. जाडी, लांबी, माल, कुठेही चोरी असली तरी काट्यावर ती दिसतेच, म्हणून नवीन रीळ हातात आलं की आधी वजन करा, मगच दोरी कापा.

आकडे समोर ठेवल्यावर विक्रेत्याने जे सुचवलं त्याचा मला खरा संताप आला. "बदल्यात आत पोलादी तार असलेली दोरी देतो, ती कधीच तुटत नाही." अशी दोरी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. हेड मिनिटाला हजारो फेरे घेतं. नायलॉनचा तुकडा उडाला तर वळ उठेल. तारेचा तुकडा उडाला तर अंगात घुसेल, यंत्र चालवणाऱ्याच्या किंवा बाजूने जाणाऱ्या पोराच्या. यंत्रांच्या पुस्तिकांत धातूची तार वापरू नका असं बजावलेलं असतं. जोडलेल्या धातूच्या तुकड्यांची, साखळीसारखी फिरणारी पाती ब्रश कटरसाठी (झुडपं कापायच्या अशाच यंत्रासाठी) विकायला युरोपीय संघाने २०१२ साली बंदी घातली ती उगाच नाही.

"मग ३ मिमी घ्या" हाही सल्ला ऐकू नका. लहान इंजिनला जाड दोरी ओढवत नाही. इंजिनचे फेरे कमी होतात, क्लच घसरून तापतो, आणि दोरीपायी दुरुस्ती मागे लागते. विजेवरच्या हलक्या यंत्रांना तर बहुतेक वेळा १.६ मिमीच्या आसपासचीच दोरी चालते. पुस्तिकेत जी जाडी दिलीय तीच घ्यायची. दगड-कुंपणाजवळ काम जास्त असेल तर गोल दोरी बरी, ती झिजत झिजत टिकते. चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराची दोरी गवत स्वच्छ कापते, पण तिच्या कडा लवकर जातात.

तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ, व्हर्नियरचा आणि काट्याचा फोटो असं सगळं संकेतस्थळाच्या तक्रार विभागाकडे पाठवल्यावर पैसे परत मिळाले. तेच रीळ मात्र आता दुसऱ्या नावाने विकायला ठेवलंय. वेष्टन हिरवं केलंय, आणि त्यावरही २.४ मिमी, शुद्ध नायलॉन असंच छापलंय.