नागपूरच्या मनीष नगरचा होमस्टे: मालक घरातच राहतात, म्हणून पाच स्टार

पुतणीच्या लग्नाला पुण्याची मंडळी येणार होती, आमच्या टू बीएचकेत एवढे लोक मावणार नाहीत म्हणून इथं दोन खोल्या घेतल्या. खोल्या स्वच्छ, गरम पाणी पहाटेपासून, काकूंची सांभारवडी तर आत्याबाई अजून आठवून राहिल्या. पण मी रिव्ह्यू टाकून राहिली ते वेगळ्या कारणानं.

काका-काकू स्वतः खालच्या मजल्यावर राहतात. आल्या आल्या सगळ्यांचं आधार पाहिलं, रजिस्टरमध्ये नाव-गाव लिहून घेतलं, भाऊजी थोडे कुरकुरले पण बरोबरच आहे ना ते. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेतही हेच आहे, मालक कुटुंबासकट तिथंच राहायला पाहिजे अन् खोल्या जास्तीत जास्त ६. रात्री पोरं गच्चीवर गाणी लावून बसली तर काका वर आले, म्हणाले, "बेटा, बाजूला आजी झोपल्या आहेत, खाली या." पोरं खाली आली, विषय संपला.

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये असं सांगणारं कोणीच नाही. तिसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट रोजाच्या भाड्यानं ॲपवर टाकला आहे, मालक बाहेरगावी, ग्रिलला नंबरच्या कुलपाची डबी लटकवलेली, त्यातून चावी काढली की झालं. डिसेंबरात अधिवेशन लागलं किंवा जामठ्याला मॅच असली की रोज नवे चेहरे, रात्री दीडला आमची बेल वाजते कारण त्यांना फ्लॅट सापडत नाही, अन् उन्हाळ्यात टँकरचे पैसे मात्र सगळ्यांनी सारखे भरायचे. सगळ्यात वाईट म्हणजे तिथं आधी एक नर्स सिस्टर भाड्यानं राहत होत्या, मुलाची शाळा चालत जाण्याइतकी जवळ, त्यांना खाली करायला लावलं, का तर महिन्याच्या भाड्यापेक्षा रोजाचं जास्त सुटते.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी पाहिजे, मालक हजर पाहिजे अन् पाहुणे दोनच. बार्सिलोनानं तर २०२८ पर्यंत १० हजारांवर टुरिस्ट फ्लॅट बंद करायचं ठरवलं आहे. आपल्याकडे एवढं कडक नको, एम्सला पेशंट घेऊन येणाऱ्यांना हॉटेल परवडत नाही, त्यांना अशी खोली लागतेच. पण मालक तिथं राहत असेल तरच परवानगी, एवढं तरी नागपुरात पक्कं व्हायलाच पाहिजे.

पार्किंग एकाच गाडीचं आहे, दुसरी रोडवर लावावी लागते, अन् वरच्या खोलीत नेट अडकते. बुकिंग करायच्या आधी काकूंना फोन करा, लग्नसराईत खोल्या लवकर भरतात.