उभा की आडवा? नागपूरच्या घरासाठी फिशटँक निवडताना

फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, कोपऱ्यात मावेल असा उभा टँक पाहिलाय, दिसतो भारी. घेऊ का?" मी विचारलं, "मे महिन्यात त्या खोलीत किती गरम होतं?" ती म्हणाली, "आता फेब्रुवारीत मेचं काय?" पण नागपुरात फिशटँक घेताना पहिला विचार नवतप्याचाच, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांचाच, करावा लागतो. थंडीत कुठलाही टँक बरा चालतो.

तिच्या मनात दोन टँक होते. उभा, म्हणजे 1 फूट लांब, 1 फूट रुंद, 2 फूट उंच. आणि आडवा, 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच. दोन्ही काठोकाठ भरले तर पाणी सारखंच, साधारण 56 लिटर. दुकानात लिटरच सांगतात, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. फरक आहे तो वरच्या उघड्या पाण्यात. उभ्यात 1 चौरस फूट, आडव्यात 2. पाण्यात प्राणवायू शिरतो तो मुख्यतः याच पृष्ठभागातून. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. तापलेल्या पाण्यात माशांना मात्र तो जास्त लागतो. एअर पंप चालू असला की हे झाकून जातं. माझ्याकडे पूर्वी असाच उंच टँक होता. एका मेच्या रात्री तीन तास लाईट गेली आणि पहाटे सगळे मॉली मासे तोंडं वर करून आ वासत होते. दोन वाचले नाहीत.

दुसरा मुद्दा कूलरचा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या खोली गार करतात, त्याच रीतीनं टँकही गार होतो: पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाऊ दिला की वाफ होते आणि वाफ उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता ओढतं, तेवढ्यात 50 लिटर पाणी 10 अंशांहून जास्त उतरू शकतं. प्रत्यक्षात खोलीतली उष्णता परत येत राहते, म्हणून छोटा पंखा लावून दोन-तीन अंशांचाच फरक दिसतो, पण मासे जगायला तो पुरतो. पृष्ठभाग रुंद असेल तर हे जमतं, अरुंद उभ्या टँकमध्ये फारसं नाही. जुलैत हवा ओली झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो, हेही लक्षात ठेवा. आणि वाफेनं क्षार जात नाहीत, म्हणून नुसतं वरून पाणी घालत राहिलात तर क्षार साचत जातील. थोडं पाणी काढून बदलावंच लागतं. बदलायचं पाणी दुपारी नळाला येणारं नको, स्लॅबवरच्या टाकीतलं ते पाणी तेव्हा हात भाजेल इतकं तापलेलं असतं. रात्री बादलीत काढून ठेवलेलं पाणी अँटिक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) घालून सकाळी वापरा.

आता लहान-मोठ्याचं. पोट्टे हट्टानं मागतात तो गोल बाउल मी तरी गोल्डफिशसाठी नाकारतो. गळ्यापर्यंत भरला की पृष्ठभाग आवळतो, अर्धा भरला तर पाणी चार-पाच लिटर. गोल्डफिश घाण भरपूर करतो, त्यातून अमोनिया वाढतो आणि एवढ्याशा पाण्यात तो विरळ व्हायला जागाच नसते. फाइटर मासा वरची हवा गिळून श्वास घेऊ शकतो, म्हणून त्याचं निभतं, तरी त्यालाही 15-20 लिटरचा झाकण असलेला टँक द्या. फाइटर उड्या मारतो.

दोन फुटी की तीन फुटी, हा खरा अवघड प्रश्न. दोन फुटी आडवा टँक पाणी, काच आणि खडी धरून 70 किलोच्या आसपास जातो, तो मजबूत स्टँडवर कुठेही बसतो. गप्पी, मॉली, टेट्राची झुंड आणि तळाशी दोन-चार कोरीडोरा यांना तो पुरतो. 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा घेतला तर भरल्यावर सव्वादोनशे किलोच्या पुढे. त्याचा फायदा असा की पाणी जास्त असल्यानं तापमान हळू चढतं-उतरतं, चूक पचते, आणि एंजेल माशाच्या लांब परांना उंचीही मिळते. नवशिक्याला खरं तर मोठाच सोपा. पण माझी बहीण राहते महाल भागातल्या जुन्या घराच्या माडीवर, खाली लाकडी तुळया. तिला मी तीन फुटी घेऊ दिला नाही. फ्लॅटमध्ये असाल तर बीमजवळच्या भिंतीला लावा आणि खिडकीतलं पश्चिमेचं ऊन टाळा.

षटकोनी किंवा पुढून फुगीर काचेचे टँक दिवाणखान्यात उठून दिसतात, पण वाकड्या काचेतून मासा ताणल्यासारखा दिसतो, झाकण नेमक्या मापाचं मिळवायला हिंडावं लागतं, आणि षटकोनीत झुंडीनं पोहणाऱ्यांना सरळ पळायला लांबी नसते. दीड फुटापेक्षा उंच काही घेत असाल तर दुकानातच बाही वर करून हात आत घालून बघा, तळापर्यंत पोचतो का. दर आठवड्याला तळातली घाण त्याच हातानं काढायची असते.

बहिणीनं दोन फुटी आडवाच घेतला. स्पंज फिल्टर चालू करून तीन आठवडे झालेत, पण त्यात अजून मासा नाही, कारण अमोनिया खाणारे जीवाणू जमायला एवढा वेळ लागतोच. भाचा रोज काचेला नाक लावून विचारतो, "मामा, मासे कधी येणार?"