कूलंट भरायचं उभं नरसाळं: जुनी गाडी असेल तर घ्याच

जुन्या गाडीचं कूलंट बदलायचं म्हटलं की सगळे फ्लशवरच (जुनं कूलंट काढून आतून धुण्यावरच) बोलतात, कुठलं केमिकल टाकू, किती वेळा पाणी फिरवू वगैरे. माझं स्पष्ट मत आहे की फ्लश हे अर्धंच काम, खरी गोची नंतर भरताना होते कारण आत हवा अडकून बसते. म्हणून हा रिव्ह्यू त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या उभ्या नरसाळ्याच्या किटचा आहे, ज्याच्यासोबत रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारे वेगवेगळ्या मापाचे अडॅप्टर आणि आतून बुच लावायची दांडी येते.

आधी हवा का अडकते ते सांगतो. गाडी थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधला कूलंटचा रस्ता तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह, बंद असतो, तो गाडीप्रमाणे साधारण 82 ते 95 डिग्रीला उघडतो. म्हणजे तुम्ही रेडिएटर काठोकाठ भरला आणि वाटलं झालं काम, पण इंजिनच्या हेडमध्ये (वरच्या भागात) आणि हीटरच्या जाळीत हवा तशीच असते. थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल धपकन खाली जाते, आणि तोवर झाकण लावून गाडी काढली असेल तर हेडचा वरचा भाग कोरडा तापतो. वाईट गोष्ट अशी की टेम्परेचरचा सेन्सर हवेच्या किंवा वाफेच्या पोकळीत असेल तर काटा नीट दाखवतच नाही, गाडी तापलीय हे कळेपर्यंत हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं सील) गेलेलं असू शकतं.

हे नरसाळं बसवलं की ते सगळ्या सिस्टीममधलं सर्वात उंच ठिकाण होतं, बास एवढीच आयडिया आहे पण काय कमाल चालते! साधारण पाव-एक भाग भरलेलं ठेवायचं, हीटर फुल गरमवर, इंजिन चालू, आणि मग बघत बसायचं. आधी बारीक बुडबुडे, मग थर्मोस्टॅट उघडल्यावर मोठा भडाभडा आवाज होऊन लेव्हल एकदम उतरते, लगेच वरून ओतायचं. गरम होऊन फुगलेलं कूलंट जमिनीवर सांडण्याऐवजी नरसाळ्यातच वर चढतं, हे मला फार आवडलं. गाडीचं पुढचं तोंड थोडं उंच करता आलं तर हवा अजून पटकन निघते, आणि इंजिनवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तोही वापरा. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून एकसारखी गरम हवा यायला लागली की झालं, इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग दांडीने बुच लावून नरसाळं काढायचं. थर्मोस्टॅट उघडून बराच वेळ झाला तरी बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट तपासून घ्या, ही माहिती या किटमध्ये फुकट मिळते.

तक्रारी पण आहेत. अडॅप्टरची रबरी वॉशर फार पातळ आहे, आणि जुन्या रेडिएटरचं तोंड थोडं जरी वाकलेलं किंवा गंजलेलं असेल तर बाजूने थेंब थेंब गळतं, ते आधी घासून साफ करावं लागतं. बुचही थोडं सैल बसतं. ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नाही, फक्त आट्यांच्या झाकणाची प्रेशरवाली टाकी आहे, त्यांनी किटमध्ये त्या मापाचा अडॅप्टर आहे का हे बघूनच ऑर्डर करा.

फ्लशच्या केमिकलबद्दल विचाराल तर माझं म्हणणं असं की जुनं कूलंट स्वच्छ रंगाचं निघालं तर केमिकल टाकूच नका, साधं पाणी फिरवून काढलं तरी पुरे. चहासारखं गढूळ निघालं तरच टाका, आणि ते अ‍ॅल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं बघून घ्या, कडक अ‍ॅसिडवाली ट्रीटमेंट अ‍ॅल्युमिनियम खाते. खूप जुन्या रेडिएटरमध्ये कधी कधी क्षारांच्या थरानेच एखादं बारीक भोक बुजलेलं असतं, तो थर निघाला की गळती दिसते, तेव्हा दोष केमिकलचा नसतो, भोक आधीपासूनच असतं. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्डच हवं, नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमने पुन्हा थर बसतो.

अजून एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात: इंजिन ब्लॉकचा ड्रेन प्लग (आतलं पाणी काढायचं बुच) जुन्या गाड्यांत बऱ्याचदा जाम असतो आणि तो उघडला नाही तर फ्लशचं बरंच पाणी इंजिनमध्येच राहतं. अशा वेळी तयार 50:50 मिक्स (निम्मं कूलंट, निम्मं पाणी) ओतलं तर ते पातळ होतं. त्यापेक्षा कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या, गाडीची एकूण क्षमता 8 लिटर असेल तर आधी 4 लिटर कॉन्सन्ट्रेट टाका आणि वरचं डिस्टिल्ड वॉटरने भरा. निम्मं निम्मं प्रमाण बसलं तर उणे 37 डिग्रीपर्यंत गोठत नाही आणि 15 पीएसआय प्रेशरच्या झाकणासोबत साधारण 129 डिग्रीपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर ते पण बदला, प्रेशर टिकलं नाही तर हा फायदा जातो. आणि रंगावरून कूलंटचा प्रकार ठरवू नका, हिरवा म्हणजे अमुक असा काही नियम नाही, मॅन्युअलमध्ये काय सांगितलंय तेच घ्या.

काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात अजिबात ठेवू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना, लहान मुलांना थोडंसंही जीवघेणं ठरू शकतं, लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा.

हवेचा कॉम्प्रेसर घरी असेल तर व्हॅक्यूमवालं फिलर अजून भारी, हवा आधीच ओढून काढतं आणि गळती असेल तर गेजवर लगेच कळतं. पण जुन्या मऊ पडलेल्या नळ्या त्या ओढीने चपट्या होतात, त्यामुळे जुन्या गाडीला मी तरी नरसाळंच सुचवेन. पाचपैकी चार स्टार, एक स्टार त्या वॉशरसाठी कापला.