10 मीटर नेमबाजीचं किट: घरी ठेवावं, लॉकरमध्ये, की दोन्हीकडे?

केस उघडली. रायफल जागेवर आहे, हवेचा सिलिंडर भरलेला आहे, छर्ऱ्यांचा डबाही आहे, आणि रियर साइट, म्हणजे नेम धरताना जिच्यातून बघतात ती मागची साइट, घरी टेबलावर राहिली आहे. त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो. पुढच्या साइटमधलं कडं एकटं काही कामाचं नाही.

असं झालं की दोष स्मरणशक्तीला दिला जातो. पण कोणत्याही क्लबमध्ये विसरलेल्या वस्तूंची यादी काढली तर त्याच त्याच वस्तू सापडतात, आणि त्या सगळ्या बॅगेतून मधल्या काळात बाहेर निघालेल्या असतात. साइट पुसायला काढली. जॅकेटच्या आतला टी-शर्ट धुवायला टाकला. ग्लोव्ह घामाने ओला झाला म्हणून खिडकीत ठेवला. सिलिंडर भरायला दिला. बटप्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) हलवायला ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) घेतली आणि ती पँटच्या खिशात राहिली. जे कधीच बाहेर निघत नाही, ते कधीच विसरत नाही. त्यामुळे किट कुठे ठेवायचं हे ठरवताना आधी एवढंच बघा की त्या व्यवस्थेत किती वस्तूंना बॅगेतून ये-जा करावी लागते.

कोणती वस्तू विसरली तर किती नुकसान

सगळ्या वस्तू सारख्या महत्त्वाच्या नसतात. काही शेजारच्या लेनवरून मागता येतात, काही अजिबात नाहीत.

रायफलवाल्यांसाठी जॅकेट आणि ट्राउझर न मागता येणाऱ्या गटात पहिले. दोन्ही अंगाच्या मापाने शिवलेले असतात. कापडाची जाडी 2.5 मिलिमीटरपर्यंतच चालते आणि जॅकेट अंगावर किती सैल बसतं हेही स्पर्धेच्या तपासणीत मोजतात. दुसऱ्याचं जॅकेट घालून सराव केला तर पाठीला आधार वेगळ्या जागी मिळतो, कोपर कंबरेवर वेगळ्या ठिकाणी टेकतो, आणि तासाभरात शरीर चुकीची पोझिशन शिकून घरी येतं. त्यापेक्षा त्या दिवशी गोळी न झाडलेली बरी.

ग्लोव्ह छोटा दिसतो म्हणून लोक सहज दुसऱ्याचा घेतात. पण त्याची जाडी बदलली की रायफल हातावर काही मिलिमीटर वर किंवा खाली बसते. मग ती जिथे आपोआप स्थिरावते ती जागा टार्गेटच्या वर किंवा खाली सरकते, आणि नेमबाज स्नायूंच्या जोराने ती परत जागेवर ओढत राहतो. ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, उभा पसरतो तो यामुळे. साइटला हात लावून हे सुधारत नाही, ग्लोव्ह बदलल्यावरच सुधारतं. बुटांचंही तसंच आहे. साध्या स्पोर्ट्‌स शूजचा मऊ तळवा दबतो, शरीर जास्त डोलतं, टाचेची उंची बदलते आणि वरची सगळी जुळणी हलते.

जॅकेटच्या आतले कपडे हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. नेहमीच्या पातळ टी-शर्टऐवजी जाड स्वेटर घातला तर बटप्लेट खांद्यावर वेगळी बसते, चीकपीसवर (गाल टेकवायच्या भागावर) गालाची जागा सरकते आणि डोळ्याचं रियर साइटपासूनचं अंतर बदलतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी हे हमखास होतं, आणि मुलं साइटचे क्लिक फिरवत बसतात.

छर्रे मागून मिळतात, पण ते तुमचे नसतात. एकाच कंपनीच्या डब्यांतही डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा वेगवेगळा असतो आणि प्रत्येक बॅरलला त्यातला एखादाच नीट बसतो. साध्या सरावाला उसने छर्रे चालतील. गुण लिहून ठेवायच्या दिवशी नकोत. 500 चा डबा रोज 80 शॉट मारणाऱ्याला सहा दिवस पुरतो, म्हणजे बहुतेक वेळा डबा विसरलेला नसतो, तो रिकामा असतो. अर्धा डबा उरला की दुसरा बॅगेत पडायला हवा.

ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोरची पट्टी), ॲलन की, पुसायचं फडकं यांची चिंता करू नये. पांढऱ्या पुठ्ठ्याची 30 मिलिमीटर रुंद पट्टी कापली की ब्लाइंडर तयार. सेफ्टी फ्लॅग मात्र वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे: बॅरलभर लांबीची ती भडक रंगाची दोरी नसेल तर शिस्तीच्या रेंजवर हत्यार केसमधून बाहेर काढू देत नाहीत. वस्तू अगदी स्वस्त आहे. तीन घ्या आणि तीन ठिकाणी ठेवा.

पिस्तूलवाल्यांचं ओझं कितीतरी कमी. 10 मीटरचं पिस्तूल नियमाने दीड किलोच्या आत, सगळं सामान एका मध्यम बॅगेत मावतं. त्यांच्याकडे न मागता येणाऱ्या वस्तू दोनच: तुमच्या हाताप्रमाणे कोरलेली ग्रिप, जी बहुधा पिस्तुलालाच असते, आणि नंबरची लेन्स बसवलेला शूटिंग चष्मा. चष्मा घरी राहिला तर पुढची साइट धूसर दिसते, आणि धूसर साइटने केलेला सराव वाया जातो. नेहमीच्या चष्म्याने काम भागत नाही, कारण मान वळवलेल्या पोझिशनमध्ये नजर लेन्सच्या कडेतून जाते.

पहिला पर्याय: सगळं घरी, रोज ने-आण

मोठा फायदा म्हणजे किट कायम तुमच्या नजरेखाली. संध्याकाळी ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव) करता येतं, होल्डिंगचा, म्हणजे हत्यार नेमावर स्थिर धरायचा, सराव होतो, जॅकेट नीट वाळतं. रेंज बदलली, अचानक दुसरीकडे निवड चाचणी लागली तरी अडत नाही.

तोटा वजनाचा. रायफल, हार्ड केस, जॅकेट, ट्राउझर, बूट मिळून दहा किलोच्या वर सहज जातं. दुचाकीवर लांब केस आडवी धरता येत नाही, आणि मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी ती घेऊन चढणं हाच एक व्यायाम. त्यात घरी वस्तू बॅगेबाहेर काढायचा मोह सतत असतो, म्हणून विसरण्याचा धोका याच पर्यायात सर्वांत जास्त. ड्राय फायर झाल्यावर साइट, ग्लोव्ह, फ्लॅग टेबलावर राहतात. ज्याला घरी सराव करायचा आहे त्याने बॅग सराव संपल्यासंपल्या भरावी, सकाळी निघताना नव्हे.

वाटेतल्या कागदपत्रांचंही बघा. 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि मॅच रायफलची ऊर्जा साधारण साडेसात जूल असते. पण नाक्यावर अडवणाऱ्या पोलिसाला हे केसकडे बघून कळत नाही. खरेदीचं बिल आणि असोसिएशनचं ओळखपत्र यांच्या प्रती केसच्या फोमखाली कायम असाव्यात. पॉइंट टू-टू (.22 बोअरच्या, काडतुसाच्या रायफल) वाल्यांना तर मूळ परवाना बरोबर असल्याशिवाय घराबाहेर पडताच येत नाही.

दुसरा पर्याय: सगळं क्लबच्या लॉकरमध्ये

रोज एकाच रेंजवर जाणाऱ्यासाठी हे सर्वांत निवांत. हातात फक्त धुतलेले आतले कपडे, पाण्याची बाटली आणि लॉकरची किल्ली. विसरायला उरतात त्या एवढ्याच गोष्टी, आणि किल्लीची दुसरी प्रत प्रशिक्षकांकडे ठेवली की तोही प्रश्न सुटतो.

अडचण हवेची. मुंबई, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बंद लोखंडी लॉकरमध्ये ओलं जॅकेट ठेवलं तर आठवड्यात बुरशीचा वास येतो. लेदर आणि कॅनव्हास ओलाव्याने मऊ पडतात, जॅकेटचा आधार जातो, आणि घडी घालून ठेवलं तर त्याच रेषेवर मोडतं. शिशाच्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी चढते. लॉकर घ्यायचा तर जॅकेट हँगरला टांगता येईल इतका उंच घ्या, सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि ती दर पंधरा दिवसांनी वाळवा. पावसाळ्यात जॅकेट तरी घरी आणावं.

दुसरी अडचण स्पर्धेच्या आदल्या दिवशी कळते. क्लबला सुट्टी, पहाटेची गाडी, आणि किट कुलपात. लॉकरवाल्यांनी स्पर्धेच्या दोन दिवस आधीच सगळं घरी आणावं.

तिसरा पर्याय: हत्यार लॉकरमध्ये, कपडे घरी

बहुतेक जण आपोआप याच व्यवस्थेत येऊन पडतात, आणि आमच्या मते ती सर्वांत वाईट. किट दोन जागी तुटतं आणि प्रत्येक वस्तूबद्दल मनात शंका राहते: ग्लोव्ह कुठे आहे, इथे की तिथे? दोन्ही ठिकाणी तो दुसरीकडे असेल असं वाटतं.

ही विभागणी करायचीच असेल तर रेघ स्पष्ट आखा. जे अंगावर चढतं ते सगळं घरी, जे हातात धरतात ते सगळं लॉकरमध्ये. ग्लोव्ह अंगावर चढतो, म्हणून घरी. साइट, छर्रे, ॲलन की, फ्लॅग लॉकरमध्ये. अपवाद एकही नको.

कोणी काय निवडावं

शाळा-कॉलेज सांभाळून आठवड्यात पाच-सहा दिवस एकाच रेंजवर जाणाऱ्या रायफल नेमबाजाने लॉकर घ्यावा. फक्त शनिवार-रविवारी जाणाऱ्याने सगळं घरी ठेवावं: पाच दिवस बंद लॉकर किटला मानवत नाही, आणि घरचं ड्राय फायर त्याला जास्त गरजेचं आहे. पिस्तूलवाल्याने लॉकरच्या भाड्याचा विचारही करू नये. एक बॅग, कायम घरी.

कोणताही पर्याय घेतला तरी एक छोटी दुहेरी थैली, म्हणजे रोजच्या वस्तूंच्या जादा प्रतींची थैली, तयार करा आणि ती रायफलच्या केसमध्येच कायमची ठेवा. त्यात 2 ते 5 मिलिमीटरच्या ॲलन की, सेफ्टी फ्लॅग, ब्लाइंडरची पट्टी, 100 छर्रे, पेन, सिलिंडरच्या ओ-रिंग (रबरी कड्या) आणि भरण्याचा ॲडॅप्टर. रोजच्या वापरासाठी या थैलीतून काहीही काढायचं नाही. काढलं की ती दुहेरी राहत नाही.

ॲडॅप्टरवर विशेष भर, कारण त्याची आठवण फक्त परगावी होते. विमानाने जाताना भरलेला सिलिंडर चालत नाही, रिकामा करून न्यावा लागतो. स्पर्धेच्या ठिकाणी मोठी टाकी असते, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिलिंडरचे आटे वेगळे असतात, आणि तुमच्या कंपनीचा ॲडॅप्टर तिथे कोणाकडे असेलच असं नाही. निघण्याआधी सिलिंडरवर छापलेली तारीखही बघा. निर्मितीपासून 10 वर्षं झालेला सिलिंडर स्पर्धेत बाद होऊ शकतो, आणि तो वेळेत बदलणं ही नेमबाजाचीच जबाबदारी मानली जाते.

सुटे भाग जवळ असूनही वेळ जातो, हे टोकियो ऑलिम्पिकमध्ये दिसलं. 2021 च्या जुलैत मनू भाकरचं पिस्तूल 10 मीटरच्या पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि 575 गुणांसह ती 12 व्या स्थानावर राहिली. 60 शॉटला इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिनिटं मिळतात. ॲलन की शोधण्यात त्यातली दहा गेली की उरलेल्या शॉटचा ताल बिघडतो.

बॅग भरायचा क्रम

छापील यादीपेक्षा शरीराचा क्रम जास्त उपयोगी पडतो, कारण तो पाठ करावा लागत नाही. ज्या क्रमाने रेंजवर तयार होता त्याच क्रमाने पायापासून डोळ्यापर्यंत या: मोजे, बूट, ट्राउझर, आतले कपडे, जॅकेट, ग्लोव्ह, टोपी, ब्लाइंडर, चष्मा. मग हत्यार मागून पुढे: बटप्लेट, सिलिंडर, रियर साइट, पुढची साइट, फ्लॅग. शेवटी छर्रे आणि ओळखपत्र. प्रत्येक वस्तूला हात लावून मोजा. नुसतं बघून मोजलं तर केसमधली साइटची रिकामी जागाही भरलेली वाटते.

आणि रेंजवर पोचल्यावर लक्षात आलंच, तर परत जायचं की थांबायचं हे वस्तूवरून ठरवा. साइट, जॅकेट, चष्मा किंवा सिलिंडर राहिला आणि घर अर्ध्या तासाच्या आत असेल तर परत जा. घर लांब असेल तर गोळी झाडू नका. साइट नसेल तर पूर्ण किट घालून कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर 20 होल्ड करा, प्रत्येक 8 ते 10 सेकंदांचा, मध्ये एक मिनिट विश्रांती. जॅकेट नसेल तर रायफल न उचलता टेकूवर ठेवून फक्त ट्रिगरवर बोटाचा दाब येण्याचा सराव 40 वेळा. ग्लोव्ह नसेल तर उभं राहण्याऐवजी टेबलावर आधार घेऊन छर्ऱ्यांच्या दोन डब्यांची तुलना करून घ्या, प्रत्येकी 10 शॉटचे तीन ग्रुप. हे काम एरवी महिनोन्महिने मागे पडतं.